आज तुमचं काय जाणार?

आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. लिफ्टचं दार बंद होताना माझा जीव वरखाली होतो, गॅसचं बटण मी दोनदा चाचपते, आणि अनोळखी नंबरवरून फोन आला की तो वाजून थांबेपर्यंत मी उचलत नाही. शारजाच्या अल नहदात अठराव्या मजल्यावर राहायला आल्यापासून तर विचारूच नका. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर, घर गेलं की मुलीची शाळा, हे इथल्या प्रत्येक बाईला तोंडपाठ असतं. फक्त कुणी ते मोठ्यानं म्हणत नाही. मी तर नाहीच नाही. वास्तू तथास्तु म्हणते, हे माझ्या आईनं माझ्या हाडीमाशी भिनवलंय. घरात मीठ संपलं असं म्हणायचं नाही, मीठ आणायचंय म्हणायचं. बाहेर पडताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं.

आणि अशा बाईच्या शेजारी देवानं कोण आणून ठेवावा, तर रोज सकाळी "वहिनी, आज तुमचं काय जाणार?" असं विचारणारा माणूस.

त्यांना आम्ही सर म्हणायचो. सांगलीकडच्या एका कॉलेजात ते तत्त्वज्ञान शिकवायचे. विषयाला मुलं मिळेनात, म्हणून कॉलेजनं विषयच बंद केला. मग मेव्हण्याच्या ओळखीनं दुबईत आले आणि आमच्या मरीन इन्शुरन्सच्या ऑफिसात क्लेम्सला लागले. मी तिथेच अकाउंट्सला. बुडालेली जहाजं, भिजलेले कंटेनर, जळून गेलेला कापूस, असा त्यांचा दिवसभराचा व्यवहार. त्यात त्यांना कुणी ग्रीक भेटला नाही असा दिवस जायचा नाही. झेनो म्हणे मुळात व्यापारी होता. जांभळा रंग भरलेलं त्याचं जहाज बुडालं, हा कसाबसा अथेन्सला पोचला, पुस्तकाच्या दुकानात जाऊन बसला आणि तत्त्वज्ञ झाला. "त्याचा क्लेम माझ्या टेबलावर आला असता ना वहिनी, मी रिजेक्ट केला असता," सर म्हणायचे. "नुकसान कुठे झालं?"

बायको नव्हती. वारली होती, एवढंच आम्हाला ठाऊक. घरात तिचा फोटोसुद्धा नव्हता. आमच्याच मजल्यावर एका खोलीच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे. खायचे काय, तर खुबूस, चीज आणि ऑलिव्ह. कारण एपिक्युरस पाव आणि चीजवर खूश असायचा. मी अळूवडी नेऊन दिली की मात्र एपिक्युरसला बाजूला बसवून सगळी संपवायचे आणि म्हणायचे, "त्याला ही मिळाली नाही, म्हणून बिचारा पावावर समाधानी राहिला."

आमचे हे खोर फक्कानच्या पोर्टवर, म्हणून सर त्यांना पोर्टवाले म्हणायचे. सोमवार ते शुक्रवार तिकडेच कंपनीच्या क्वार्टरमध्ये, शुक्रवारी दुपारी डोंगर ओलांडून घरी. त्यामुळे आठवडाभर मी आणि माझी लेक ईरा सरांच्या गाडीतून जायचो. ईराची शाळा बॉर्डरच्या पलीकडे, दुबईच्या बाजूला. आधी तिला सोडायचं, मग देऱ्याला ऑफिस. नहदाचं सकाळचं ट्रॅफिक म्हणजे काय ते ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. गाडी मुंगीच्या पावलानं सरकायची आणि सरांची शाळा भरायची. थेल्स आकाशातले तारे बघत चालला आणि विहिरीत पडला. सॉक्रेटिस बाजारात भल्याभल्यांना प्रश्न विचारून हैराण करायचा. पायरो नावाचा एक जण वादळात सापडलेल्या जहाजावर होता. सगळे रडतायत, ओरडतायत, आणि एक डुक्कर मात्र शांतपणे आपलं खाणं खातंय. पायरोनं लोकांना ते दाखवलं आणि सांगितलं, असं राहता आलं पाहिजे.

या पायरोपायी एकदा सरांनी ड्रॅगन मार्टमधून प्लॅस्टिकचं एक गुलाबी डुक्कर आणलं आणि डॅशबोर्डवर गणपतीशेजारी ठेवलं. मी म्हटलं, "सर, एक तर गणपतीशेजारी, आणि त्यात या देशात. मला उतरवा, मी बसनं जाते." जाते म्हणाले म्हणून लगेच जीभ चावली. शेवटी ते डुक्कर समोरच्या खणात गेलं. पण कुणी आडवी गाडी घातली की सर खणावर हलकेच थोपटायचे. ते त्यांचं ध्यान.

ड्रॅगन मार्टचंच आणखी एक सांगते. इंटरनॅशनल सिटीत ओळखीच्यांकडे गेलो होतो, तिथून पडदे बघायला म्हणून आत शिरलो. भर दुपार, दिव्यांचा लखलखाट, आणि सरांनी फोनचा टॉर्च लावला. येईल त्याच्या तोंडाजवळ नेऊन बघायला लागले. डायोजेनिस असाच दिवसा कंदील घेऊन अथेन्समध्ये फिरायचा. सिक्युरिटीवाला आला. "क्या ढूँढ रहे हो साब?"

"आदमी."

"कौन आदमी? नाम बोलो, अनाउन्स करते हैं."

सर इतके खूश झाले की त्याला मिठी मारायला निघाले. मला तिथे दरदरून घाम फुटला. वर कॅमेरे, समोर युनिफॉर्म, आणि आमच्या माणसाच्या हातात भरदिवसा पेटलेला टॉर्च. ईरा म्हणाली, "मम्मा, रिलॅक्स, ही इज जस्ट बीइंग ग्रीक." तेव्हापासून ती त्यांना ग्रीक अंकलच म्हणायला लागली.

पण हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. माझा खरा छळ सुरू व्हायचा तो बॉर्डरच्या आधीच्या लांब सिग्नलला.

एपिक्टेटस नावाचा एक लंगडा गुलाम होता. त्याचं सांगणं असं की आपल्या पोराची पापी घेताना मनात म्हणावं, हे मातीचं मडकं आहे, उद्या फुटेल. रोज म्हणत राहिलं म्हणजे फुटतं त्या दिवशी आपण फुटत नाही. सरांनी याची केली होती रोजची तालीम. सिग्नल लाल झाला की विचारायचे, "आज तुमचं काय जाणार?" प्रत्येकानं एक गोष्ट सांगायची आणि सिग्नल हिरवा होईपर्यंत ती गेली असं समजून बसायचं. सर स्वतः म्हणायचे, "माझा चष्मा." ईरा कधी फोन म्हणायची, कधी एखादी मैत्रीण. आणि मी म्हणायचे, "माझा मिक्सर."

रोज मिक्सर. लग्नातला होता, त्याचं झाकण धरून उभं राहावं लागायचं. मी ठरवूनच टाकलं होतं, तथास्तु व्हायचं तर त्याचं होऊ दे. सरांना हे कळायचं. "वहिनी, तुम्ही ग्रीकांना फसवताय," म्हणायचे.

"शुभ बोल नाऱ्या म्हणतात ते काय उगाच?" मी म्हणायचे. "बोलण्यात असतं काहीतरी सर."

बाकी कशावरूनही वाद घाला, हा माणूस मजेत असायचा. पण एवढं एक निघालं की त्यांचा चेहरा बदलायचा. "काही नसतं," ते म्हणायचे, जरा मोठ्यानंच. "शब्द म्हणजे हवा. हवेनं काही होत नाही. वास्तू काही म्हणत नाही, भिंती आहेत त्या." मग उरलेल्या रस्त्यात एकही ग्रीक यायचा नाही. मला वाटायचं, शिकलेला माणूस आहे, अडाणीपणाची चीड येत असेल.

फेब्रुवारीतला शुक्रवार होता. सकाळपासून ढग दाटून आले होते. इथे ढग आले की लोक खूश होऊन फोटो काढतात, मला मात्र ते आवडत नाहीत, कारण या शहरांना पावसाची सवय नाही. सिग्नल लाल झाला. चष्मा झाला, मिक्सर झाला. आणि ईरा खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "बाबा."

मी तिच्या तोंडावर हात दाबला. गाडीत मी इतक्या मोठ्यानं "गप्प बस" म्हणाले की शेजारच्या गाडीतल्या माणसानं वळून पाहिलं.

"मम्मा, इट्स जस्ट अ गेम."

"खेळ नाहीये हा. म्हण, नाही म्हणून. म्हण."

सर आरशातून बघत होते. "म्हणू दे वहिनी. तिनंच आज खरं सांगितलं. तुम्ही दोन वर्षं मिक्सर सांगताय."

ऑफिसात माझं कामात लक्ष नव्हतं. शुक्रवारी आमचं ऑफिस अर्धा दिवस. घरी आलो तोवर पाऊस सुरू झाला होता, आणि तो थांबायचं नाव घेईना. यांचा "निघालो" असा मेसेज येऊन गेला होता. दोन वाजता पोचायला हवे होते. अडीच झाले, तीन झाले. फोन बंद. घरातले सगळे फोन एकदम किंचाळायला लागले, सरकारी इशारा, वाद्यांपासून दूर राहा. वादी म्हणजे डोंगरातला कोरडा ओढा. वर्षभर नुसते दगड, आणि पाऊस पडला की डोळ्यांदेखत नदी. मग व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ आला. लालसर पाण्यात एक पांढरी गाडी आडवी होऊन वाहत चाललेली. आमची गाडी पांढरी. इथे निम्म्या गाड्या पांढऱ्या असतात, हे मला माहीत होतं, पण मनाला कोण सांगणार? मी तो व्हिडिओ थांबवून थांबवून बघत राहिले, नंबर दिसतोय का म्हणून.

शेवटी मी सरांचं दार वाजवलं. काही बोलावंच लागलं नाही. त्यांनी किल्ली उचलली. ईराला एकटीला कुठे ठेवणार, तिलाही घेतलं.

गाडी डोंगराकडे निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तळी झाली होती. मी मागे ईराचा हात धरून बसले होते आणि तिचा हात माझ्यापेक्षा गार होता. "मम्मा, डिड आय डू इट?" तिनं हळूच विचारलं. त्या प्रश्नानं माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तू नाही. यांनी केलं. सर, हे तुमच्यामुळे झालंय. रोज रोज काय जाणार, काय जाणार. आता सांगा तुमच्या ग्रीकांना. तुमचं काय, तुमचा चष्मा जाणार."

सरांनी खणावर थोपटलंही नाही. मग त्यांनी घसा साफ केला.

"पोर्टवाले घरी पोचलेत," ते म्हणाले.

मला वाटलं फोन आला. "कुणी सांगितलं?"

"मी सांगतोय. घरी पोचलेत. दारात उभे आहेत. हातात माशांची पिशवी आहे, आणि फ्रीजमध्ये जागा का नाही म्हणून ओरडतायत. पायाला चिखल आहे. तुम्ही म्हणताय, पाय धुऊन आत या."

हा माणूस काय करतोय ते माझ्या ध्यानात येत होतं आणि विश्वास बसत नव्हता. दोन वर्षं मला हसणारा माणूस माझ्या वास्तूला ऐकू जावं म्हणून शुभ बोलत होता.

"चहा टाक, म्हणतायत," सर पुढे म्हणाले. "आलं घालून. ईरा, तुझ्या बाबांच्या पायात एकच चप्पल आहे बघ. दुसरी वादीत गेली वाहून. आता ते तुझी फुलाफुलांची घालून फिरणार."

ईराला हसू आलं, रडता रडताच. मग सर थांबलेच नाहीत. धैद गाव मागे पडेपर्यंत तेच. दारात आहेत, चहा पितायत, एकच चप्पल आहे. त्यांचा आवाज बसला तरी म्हणत राहिले.

डोंगर सुरू होतात तिथे पोलिसांनी रस्ता अडवला होता. रेनकोटमधला एक पोरगेलासा पोलीस आला. "रोड बंद. वादी फुल. यल्ला, गाडी पीछे लो."

"मेरा हसबंड आ रहा था उधर से," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. "इन्शाल्ला ठीक होगा, बहन." इन्शाल्ला मी रोज ऐकते, एसीवाल्यापासून बँकेपर्यंत. त्या दिवशी ते ऐकून मी खिडकीची काच वर केली.

परत फिरलो. अजून उजेड होता. बिल्डिंगखाली घोट्याएवढं पाणी. लिफ्टचं दार बंद होताना घाबरायचंसुद्धा मी विसरले. अठराव्या मजल्यावर दार उघडलं आणि समोर आमच्या फ्लॅटच्या दारात हे उभे. हातात गळकी पिशवी, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली.

"कुठे गेला होतात सगळे? फोन पाण्यात पडला माझा. वादीपाशी एकाची गाडी ढकलायला उतरलो होतो. मग मलीहाच्या रस्त्यानं फिरून आलो. चहा टाक आधी."

मी बसकण मारली ती तिथेच, पॅसेजमध्ये. ईरा त्यांच्या कमरेला चिकटली. आणि मग तिनंच बोट दाखवलं. बाबाच्या उजव्या पायात चप्पल होती, डावा पाय उघडा होता.

मी हसत होते, रडत होते, देवाचं नाव घेत होते. सरांना सांगायला वळले, आणि त्यांचं तोंड बघून माझं हसू विरलं. पांढरेफटक पडले होते. ते त्या उघड्या पायाकडे बघत होते, मी तो व्हिडिओ बघत होते तसे. ते आपल्या फ्लॅटमध्ये गेले आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला.

सोमवारी सिग्नलला गाडी थांबली. सरांनी काही विचारलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. ग्रीक नाहीत, झेनो नाही, काही नाही. पुढचा आठवडाही तसाच. दाढी वाढलेली, डबा उघडायचे आणि बंद करायचे. ऑफिसात दोनदा क्लेमची फाइल चुकीच्या माणसाला दिली, मॅनेजरनं बोलावून घेतलं. इथे असं बोलावणं आलं की पुढे काय होतं ते सांगायला नको. ईरा म्हणाली, "मम्मा, आय थिंक ग्रीक अंकल इज ब्रोकन."

मी अळूवड्या केल्या आणि गेले. त्यांनी बशी घेतली, टेबलावर ठेवली, आणि तिच्याकडे बघतच म्हणाले, "वहिनी, तुमचं ते वास्तूचं. खरं असतं का हो?"

मी म्हटलं, "असं काय विचारता सर?"

मग त्यांनी सांगितलं. पहिल्यांदाच. बायको शाळेत शिक्षिका होती, रोज सकाळी स्कूटरवरून जायची. हे तेव्हा नुकतेच एपिक्टेटस वाचायला लागलेले, नवा मुल्ला. तिला दारापर्यंत सोडायला जायचे आणि मनात म्हणायचं ते मोठ्यानं म्हणायचे, "आज तू परत येणार नाहीस." ती हसायची. म्हणायची, "बरं, मग येताना भाजी तुम्हीच आणा." रोज म्हणायचे आणि रोज ती यायची. एक दिवस नाही आली. ट्रक होता.

"मी तेव्हा नाही हो फुटलो," सर म्हणाले. "लोकांना वाटलं एपिक्टेटसमुळे. पण मी एकाच गोष्टीला धरून उभा होतो. इतके दिवस म्हटलं तेव्हा काही झालं नाही, म्हणजे शब्दात काही नसतं. झालं ते ट्रकमुळे. म्हणून तर तुम्हालाही रोज विचारायचो. रोज विचारायचो आणि रोज सगळे घरी यायचे. तेवढं बघितलं की मला झोप लागायची." त्यांनी चष्मा काढला. "आता ती चप्पल. ती मी म्हटली आणि ती तशी झाली. चप्पल माझ्या म्हणण्यानं झाली असेल तर मग तेही माझ्याच म्हणण्यानं झालं ना वहिनी?"

मी काय सांगणार होते? मी तर जन्मभर मानत आले होते की असंच होतं म्हणून. त्या घरात, त्या चार भिंतींत, मला "नाही" म्हणता येईना. वड्या गार झाल्या. मी उठले, येते म्हणाले आणि आले.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मला सरांची कीव येत होती आणि त्यांची भीतीही वाटत होती, कारण त्यांच्या डोळ्यांत मला माझंच सगळं दिसत होतं. गोड बोलून त्यांची समजूत पटणार नव्हती. त्यांना शब्द फोल गेलेला डोळ्यांनी दिसायला हवा होता. आणि तो शब्द मिक्सरचा असून चालणार नव्हतं.

शुक्रवार आला. आभाळ स्वच्छ होतं, पण मला त्याचा भरवसा नव्हता. सिग्नल लाल झाला. सर समोर बघत बसलेले. मीच विचारलं, "सर, आज तुमचं काय जाणार?"

त्यांच्याऐवजी ईरा माझ्याकडे बघून म्हणाली, "माय वॉटर बॉटल."

समोर गणपती होता, मी त्याच्याकडे बघितलं नाही. "आज माझा नवरा जाणार," मी म्हटलं. "दुपारी घरी येणार नाही."

सरांनी गाडी थांबलेली असतानाही ब्रेक दाबला. "वहिनी, मागे घ्या शब्द."

"घेणार नाही."

"वहिनी, मी हात जोडतो."

"बोलले ते बोलले. दुपारी चहाला या आमच्याकडे. आपण दोघं बघू, वास्तू काय म्हणते ते."

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजायला लागले तरी सरांना गिअर टाकायचं सुचेना.

त्या दिवसाबद्दल मी फार सांगू शकत नाही. आकडे डोळ्यांसमोर नाचत होते. मी यांना फोन केला नाही, कारण फोन केला असता तर मी शब्द मागे घेतला असता. दुपारी घरी येऊन देवापुढे बसायला गेले, तेही केलं नाही. देवाला सांगणं म्हणजेही शब्द मागे घेणंच. आपण काय केलं हे? कुणासाठी केलं? शेजारच्या एका वेड्या माणसासाठी मी माझा नवरा पणाला लावला होता. असा राग मला स्वतःचा कधी आला नव्हता. सर आले आणि खुर्चीच्या कडेला बसले. मी चहाचं आधण ठेवलं आणि गॅस बंद केला. परत पेटवला, परत बंद केला. दोन वाजून गेले. सर दाराकडे बघत होते, मी सरांकडे बघत होते. ईरा मध्ये बसून दोघांकडे बघत होती, आणि हातातल्या फोनकडे मात्र बघत नव्हती.

लिफ्ट दोनदा वाजली, दोन्ही वेळा शेजारचे. अडीचनंतर मी आधणातलं पाणी ओतून टाकून नवं ठेवलं.

मग किल्ली फिरली. "काय हा ट्रॅफिक," म्हणत हे आत आले. "सुरमई मिळाली आज, म्हणून थांबलो. फ्रीजमध्ये जागा आहे ना? असे का बसलाय सगळे, कुणी गेलंबिलं की काय?"

सर उठले. सरळ यांच्यापाशी गेले आणि खाली वाकून बघायला लागले. यांना वाटलं हा माणूस आपल्या पाया पडतोय, ते मागे सरकले. "दोन्ही आहेत," सर म्हणाले. "दोन्ही चपला आहेत." आणि तिथेच उकिडवे बसून ते रडायला लागले, दोन्ही हातांनी तोंड झाकून, अगदी लहान पोरासारखे. इतक्या वर्षांचं रडणं होतं ते. हे माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना खुणेनंच गप्प राहा म्हटलं.

मग मी ते म्हटलं जे आईनं ऐकलं असतं तर मला घरात घेतलं नसतं. भिंतीवर हात आपटून, सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हटलं, "बघा सर. काही म्हणत नाही वास्तू. भिंती आहेत या. तुम्हीच सांगत होता ना? ट्रक होता तो. तुम्ही नव्हता."

"भिंती आहेत," सर म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी तळलेल्या सुरमईचे चार तुकडे खाल्ले. पुढच्या सोमवारी सिग्नलला त्यांनी खणावर थोपटलं आणि थेल्सची विहीर पुन्हा एकदा सांगितली. प्रश्न मात्र त्यांनी परत कधी विचारला नाही. दोन वर्षांनी ते नोकरी सोडून सांगलीला गेले. आता तिथे एका शाळेच्या वाचनालयात बसतात. घरात त्यांनी बायकोचा फोटो लावलाय, त्याचा फोटो काढून मला पाठवला. दर रविवारी त्यांचा फोन येतो. शेवटी न चुकता हसत विचारतात, "काय वहिनी, वास्तू काय म्हणते?"

"काही नाही म्हणत," मी सांगते. "भिंती आहेत."

फक्त एक गोष्ट मी त्यांना अजून सांगितलेली नाही, आणि ती त्यांच्या कानावर जाता कामा नये. ते सुरमई खाऊन गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चटणी वाटायला घेतली. झाकण धरून उभी होते. मिक्सर एकदा घरघरला, जळका वास आला आणि तो बंद पडला, तो कायमचा.